सोबतीसाठी पुढे ढकललेलं तिकीट

१९८३च्या उन्हाळ्यात आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहत होतो. आमच्या वरच्या मजल्यावर श्रीलंकेचं एक तमिळ जोडपं होतं. त्यातला नवरा आणि मी एकाच कंपनीत नोकरीला होतो. तो अकाउंट्समध्ये, मी डिझाइनमध्ये. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी, असं आमचं कारपूल होतं. तो मला ‘मच्चान’ म्हणायचा. त्यांच्याकडे मेव्हण्याला आणि जवळच्या मित्राला तशी हाक मारतात. मी त्याला नुसतं नावानं हाक मारायचो.

त्याची बायको गरोदर होती, सप्टेंबरात बाळ व्हायचं होतं. त्यासाठी त्याची आई कोलंबोहून येणार होती. तिचा व्हिसा झालेला होता, जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं लंडनमार्गे तिकीटही हातात होतं. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, विधवा बाई होती आणि समुद्राजवळच्या एका गल्लीत एकटी राहायची.

माझी आईसुद्धा त्याच उन्हाळ्यात पुण्याहून यायची होती. आमचा मुलगा दोन वर्षांचा होता आणि ऑगस्टपासून माझी बायको एका बँकेत कामाला लागणार होती. आईनं मुलाला सांभाळायचं, असं ठरलं होतं. अडचण अशी की माझ्या बहिणीचं बाळंतपण त्याच वेळी आईकडे होतं. सव्वा महिना झाल्याशिवाय आई लेकीला आणि नातीला सोडून निघणं शक्य नव्हतं. म्हणजे जुलै संपेपर्यंत नाही. आणि निघाली तरी एकटी निघणार नव्हती.

त्या काळी आमच्यात एक पद्धत होती. गावाकडून कोणाची आई किंवा वडील एकटे निघायचे असले की त्यांच्यासाठी सोबत शोधायची. मंडळाच्या कार्यक्रमात, किराणा घेताना, फोनवर, जो भेटेल त्याला विचारायचं, ‘मुंबईहून कोणी निघतंय का?’ लंडनला विमान बदलताना कोणीतरी हात धरायला हवं, इमिग्रेशनचा कागद भरून द्यायला हवा, एवढ्यासाठीच. ज्यांची ओळख नसे त्यांची ओळख काढली जायची. अशी सोबत करून आलेल्या दोन म्हाताऱ्या पुढे विहिणी झालेल्याही मी पाहिल्या आहेत.

ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबईहून निघणारं कोणी मला मिळेना. तेव्हा एका सकाळी ऑफिसला जाताना मी त्याला म्हटलं, ‘तुझी आई जुलैऐवजी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली तर? कोलंबोहून मुंबईला यायचं आणि तिथून दोघी बरोबर. तुमचं बाळ सप्टेंबरात आहे, तोवर ती इथे असेलच.’

तो म्हणाला, ‘अम्माला विचारतो.’

तिनं आनंदानं होकार दिला. ‘म्हणाली, बरं झालं,’ त्यानं सांगितलं. ‘एवढ्या लांब शेजारी कोणी परका पुरुष घोरत बसला तर काय करू, याचीच तिला काळजी होती.’

ट्रॅव्हल एजंटला फोन करून त्यानं आईचं तिकीट बदलून घेतलं. या सगळ्यात मला काहीही चुकीचं वाटलं नाही. खरं सांगायचं तर एक काम चांगलं मार्गी लावल्याचा आनंदच झाला.

आईला मी फोन केला. फोन शेजारच्या डॉक्टरांकडे होता. त्यांचा मुलगा आईला बोलावून आणेपर्यंत थांबायचं आणि मग दोघांनी ओरडून बोलायचं.

‘अगं, सोबत मिळाली. श्रीलंकेच्या बाई आहेत, शिक्षिका होत्या.’

‘कुठल्या?’

‘लंकेच्या!’

‘अगंबाई,’ आई म्हणाली. मग तिकडे कोणाशी तरी बोलल्याचं ऐकू आलं आणि हसण्याचा आवाज आला. ‘अरे, पण आपल्यातल्याच ना? मांसमच्छी?’

‘शाकाहारी आहेत. देवळात जातात. इंग्रजी तुझ्या डॉक्टरांपेक्षा चांगलं बोलतात.’

‘मग माझ्याशी बोलतील का रे?’

‘तू बोल म्हणजे बोलतील.’

‘बरं, त्यांना सांग, सव्वा महिना झाला की मी एक दिवस थांबणार नाही.’

जून असा गेला. त्याच्याकडे एक शॉर्टवेव्हचा रेडिओ होता. संध्याकाळी तो खिडकीत ठेवून तो बातम्या लावायचा आणि खरखर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. गाडीत तो मधूनमधून सांगायचा. उत्तरेत सैन्य आणि तिथली हत्यारं घेतलेली तमिळ मुलं यांच्यात चकमकी होत होत्या. पूर्वेकडच्या बंदराच्या गावात तमिळांची घरं जाळली होती. एकदा म्हणाला, माझा मावसभाऊ तिकडून निघून जाफन्याला गेला. सांगण्याची त्याची पद्धत ऑफिसातले आकडे सांगितल्यासारखी होती, त्यामुळे मीही तसंच ऐकायचो. आता लोक त्याला यादवी युद्ध म्हणतात. आम्ही तेव्हा ‘गडबड’ म्हणायचो. ‘कोलंबोत गडबड नाही ना?’ मी विचारायचो. ‘नाही, कोलंबोत शांत आहे,’ तो म्हणायचा.

चार जुलैला आमच्या मराठी मंडळींची सहल होती. जंगलाच्या कडेच्या मैदानात, दरवर्षीसारखी. मी त्या दोघांनाही बोलावलं होतं. मक्याची कणसं भाजत होते, कोणीतरी घरून भेळेचं सगळं सामान आणलं होतं. आमच्यात नागपूरचे एक डॉक्टर काका होते, सगळ्यांत आधी अमेरिकेत आलेले आणि सगळ्यांची चेष्टा करण्याचा हक्क असलेले. त्यांना माझ्या आईच्या सोबतीची बातमी लागली होती.

‘काय रे, तुझ्या मातोश्री लंकेहून येणाऱ्या बाईंबरोबर येणार म्हणे? मग काय, पुष्पक विमानच!’

लोक हसले.

‘म्हणावं, लंकेत कोणाच्या शेपटीला चिंध्या बांधू नका. मागच्या वेळी सगळं गाव जळलं.’

आणखीच मोठा हशा झाला. मीही हसलो. माझ्या शेजारी तो हातात कणीस घेऊन उभा होता. ‘काय म्हणाले?’ त्यानं विचारलं. मी त्याला इंग्रजीत सांगितलं, शेपटीसकट सगळं. तो पाहुण्यानं हसावं तसा हसला. त्याची बायको हसली नाही. तिनं पेपर प्लेट दुमडली आणि कचऱ्याचा डबा कुठे आहे ते विचारलं.

मग काकू मला म्हणाल्या, ‘अरे, आम्हाला आधी सांगायचंस. आम्ही पुढच्या आठवड्यात निघतोय, ऑगस्टअखेर नागपूरहून परत येतोय. तुझ्या आईला आम्ही आणलं असतं की. अजूनही सांग. मुंबईत भेटू आम्ही त्यांना.’

त्या हे मराठीत बोलल्या. तो माझ्या शेजारीच होता. यातलं मी त्याला काहीच सांगितलं नाही. तेव्हा सांगण्याचं काही कारणही नव्हतं. दोघींचं ठरलेलं होतं, आणि ऑगस्टअखेर म्हणजे आम्हाला उशीर होत होता.

कारण पुढे आलं. जुलै अर्धा झाला होता. गाडी त्याची होती. सिग्नलला थांबलेलो असताना तो म्हणाला, ‘मच्चान, अम्माला आधी आणावं असं वाटतंय.’

‘का? काही झालं?’

‘नाही. पण लंडनहून माझ्या चुलतभावाचा फोन आला होता. तो म्हणतो, वाट बघू नकोस. एजंटला विचारलं. या शुक्रवारची एक जागा आहे, लंडनमार्गे. उद्यापर्यंत धरून ठेवतो म्हणाला.’ सिग्नल हिरवा झाला. ‘पण मी तुला शब्द दिलाय. तुझ्या आईला दुसरी कोणाची सोबत मिळेल का? मिळत असेल तर मी ती जागा घेतो. नाही तर राहू दे. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.’

मी म्हटलं, ‘बघतो.’

मग बाकीच्या वाटेवर मी त्याची समजूत घातली. ती कशी घातली ते मला स्पष्ट आठवतं, कारण त्यातला प्रत्येक शब्द मला त्या वेळी खरा वाटत होता. मी म्हटलं, दंगली आमच्या देशात काय कमी होतात? चार दिवस कर्फ्यू लागतो, पाचव्या दिवशी दूधवाला येतो. परदेशातल्या नातेवाइकांना इथे बसून सगळं मोठं दिसतं. माझ्या लहानपणी आमच्या गावात जाळपोळ झाली होती, तेव्हा मुंबईच्या काकांनी तारा केल्या होत्या आणि आम्ही इकडे गच्चीवर पत्ते खेळत होतो. आणि तुझी आई राजधानीत राहते, शेजारी चांगले आहेत, अर्ध्या गल्लीला तिनं गणित शिकवलंय.

‘तेही खरं,’ तो म्हणाला.

संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं. ती मुलाला भरवत होती.

‘मग? काका-काकूंचं सांगितलंस त्याला?’

‘त्या ऑगस्टअखेर येणार. तुझी नोकरी एक तारखेला सुरू होतेय. मधले दिवस याला कोण बघणार?’

‘ते बघू काहीतरी. पण त्याला सांगायला नको का?’

‘सांगतो,’ मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत बसल्याबरोबर त्यानं विचारलं, ‘मिळाली का कोणी?’ मी म्हटलं, ‘नाही, अजून कोणी नाही.’ ‘अजून’ हा शब्द मी जाणूनबुजून घातला होता. त्यामुळे खोटं बोललो असं मला वाटेना. तो ‘बरं’ म्हणाला. ऑफिसात पोचल्यावर त्यानं एजंटला फोन करून ती जागा सोडून दिली. त्याचं टेबल माझ्या टेबलापासून लांब होतं. फोन ठेवून तो कॉफी आणायला गेला आणि येताना माझ्यासाठीही एक कप घेऊन आला.

तो शुक्रवार आला आणि गेला. शनिवारी आम्ही दोघं मिळून त्यांच्या बाळासाठी पाळणा जोडला. स्क्रूच्या पिशवीतला एक स्क्रू कमी होता, त्यावरून त्याची बायको आम्हा दोघा इंजिनिअर-अकाउंटंटांना हसत होती. वर रेडिओ चालू नव्हता. रविवारी दुपारी मात्र तो खाली आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, उत्तरेत सैन्याच्या गाडीवर हल्ला झालाय, बरेच सैनिक मेलेत. अम्माशी बोललो. ती म्हणाली, उद्या बहुतेक दुकानं बंद असतील, भाजी आणून ठेवलीय.

‘बघ,’ मी म्हटलं.

सोमवारी सकाळी तो रोजच्या वेळेला टाय लावून खाली आला. ‘पेटलंय,’ म्हणाला. लंडनच्या भावानं कळवलं होतं. कोलंबोत सिंहली जमाव तमिळांची घरं कोणती ते शोधून शोधून जाळत होते. त्यानं रात्रभर फोन लावला होता, लागत नव्हता.

‘आज घरी थांब,’ मी म्हटलं.

‘थांबून काय करू? ऑपरेटर म्हणते, सगळ्या लाइन बिझी आहेत. तेच ऐकत बसू?’

आम्ही ऑफिसला गेलो. गाडीतल्या रेडिओवर बेसबॉलचे निकाल आणि उकाड्याचा अंदाज होता. लंकेबद्दल काही नव्हतं. संध्याकाळी टीव्हीवर थोडा वेळ दाखवलं. नारळाच्या झाडांमागे धूर, रस्त्यात उलटी पडलेली गाडी, मग जाहिरात. त्यानं आणि त्याच्या बायकोनं आमच्याकडे येऊन बघितलं, कारण त्यांच्या टीव्हीवर तो चॅनेल नीट दिसत नव्हता. ती खुर्चीवर बसली नाही. धूर दिसला तेव्हा तिनं ‘कुठला रस्ता आहे?’ असं त्याला तमिळमध्ये विचारलं असावं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

तो आठवडाभर कामाला येत राहिला. माझ्याशी नेहमीसारखं बोलायचा. त्या दिवसांत मी काय विचार करत होतो, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मी काहीही मोठा विचार करत नव्हतो. ती बाई जिवंत असावी एवढंच मला वाटत होतं, आणि त्यातला किती भाग तिच्यासाठी होता आणि किती माझ्यासाठी, हे मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही, आताही येत नाही.

ती जिवंत होती. आठवडा संपताना कळलं. जमाव गल्लीत शिरला तेव्हा शेजारच्या सिंहली घरानं तिला मागच्या भिंतीवरून आपल्याकडे घेतलं आणि लाकडं ठेवायच्या खोलीत लपवलं. तिथून तिनं आपलं घर जळताना ऐकलं. दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. मग एका शाळेत हजारो माणसांबरोबर राहिली आणि पुढे जहाजानं उत्तरेला, जाफन्याला, बहिणीकडे पोचली. पासपोर्ट आणि व्हिसा घरात जळला. अमेरिकेला न्यायची बॅगही. ती तिनं जूनमध्येच भरली होती आणि तारीख बदलली तरी रिकामी केली नव्हती. नवा पासपोर्ट करायचा तर कोलंबोला परत जावं लागणार होतं. ती म्हणाली, तिथे मी जाणार नाही. त्याला दहा वर्षं झाली, ती अजूनही जाफन्यातच आहे. युद्धही अजून चालू आहे.

माझी आई ऑगस्टअखेर काका-काकूंच्या सोबतीनं आली. मधल्या दिवसांसाठी माझ्या बायकोनं बँकेत फोन करून विचारलं, थोडी उशिरा रुजू झाले तर चालेल का? ते म्हणाले, चालेल. एका फोनचं काम होतं.

आईला आणायला विमानतळावर तोही आला. त्याची गाडी मोठी होती आणि मी नको म्हटलं तरी त्यानं ऐकलं नाही. बाहेर आल्यावर काकूंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, त्याच्या आईची चौकशी केली. मग इंग्रजीत म्हणाल्या, ‘आम्ही याला सहलीलाच सांगितलं होतं, आम्ही आणू याच्या आईला. उगाच तुमच्या आईला थांबावं लागलं.’ सहज म्हणाल्या. त्यांना त्यापुढचं काही माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. वाकून माझ्या आईच्या पाया पडला आणि तिची बॅग उचलली.

गाडीत मी तो मला विचारेल याची वाट पाहत होतो. तो आईला विचारत होता, मी मधे भाषांतर करत होतो. प्रवास कसा झाला, जेवण काय दिलं, थंडी वाजली का. दुसऱ्या दिवशी कारपूलमध्येही तो त्याबद्दल काही बोलला नाही. नंतरही कधी नाही. त्याला काकूंचं बोलणं नीट कळलं होतं का, आणि कळलं असेल तर त्यानं त्याचं काय केलं, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं.

सप्टेंबरात त्यांना मुलगी झाली. माझ्या आईनं वर जाऊन सगळं केलं. शेक, मालिश, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. ‘त्या पोरीचं इथे कोण आहे?’ म्हणायची. त्याची बायको आईला अम्मा म्हणू लागली. मंडळातले लोक आमचं कौतुक करायचे, शेजार असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो.

जानेवारीत, आई परत जाण्याच्या थोडे दिवस आधी, त्याला जाफन्याचा फोन लागला. असा फोन क्वचितच लागायचा. आम्ही सगळे त्यांच्याकडेच जेवायला होतो. तो बराच वेळ तमिळमध्ये मोठ्यानं बोलला, बाळाला रिसीव्हरजवळ नेऊन रडवलं, मग एकदम माझ्याकडे वळला. ‘अम्माला तुझ्याशी बोलायचंय.’

आवाज लांबून, पण स्वच्छ येत होता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा.

‘तुमच्या आई सुखरूप पोचल्या का?’

‘हो. इथेच आहेत.’

‘मला माफ करा,’ ती म्हणाली. ‘मी त्यांच्याबरोबर येईन असं कबूल केलं होतं. माझ्यामुळे त्यांची सोबत मोडली. एकट्या आल्या का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘दुसरी सोबत मिळाली.’

‘मिळाली? बरं झालं. मला तीच काळजी होती.’

मी म्हटलं, ‘मीच तुम्हाला थांबायला सांगितलं होतं.’

‘हो, पण मीच हो म्हटलं ना,’ ती म्हणाली, आणि लाइन खरखरायला लागली. त्यानं घाईनं हात पुढे केला. मी रिसीव्हर त्याच्याकडे दिला.

आई सोफ्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

‘काय म्हणत होत्या रे त्या?’

‘तुझी चौकशी करत होत्या.’

‘मग मला नाही का द्यायचा फोन?’ आई म्हणाली.